निरोगी गट

“डाव्या कुशीवर हो. हात डोक्यावर. श्वास घे... धर.”

मी श्वास धरला. डॉ. मुजावर मॅडमनी सोनोग्राफीचा प्रोब माझ्या उजव्या बरगड्यांखाली दाबला, पडद्यावर दोन टोकांना दोन खुणा टाकल्या, खाली उमटलेला आकडा बघितला आणि खुणा पुसून टाकल्या.

“सोड. परत घे.”

पुन्हा खुणा, पुन्हा आकडा. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मशीनऐवजी माझ्याकडे बघितलं.

“उंची किती तुझी?”

“पाच फूट एक इंच.”

“साखर तपासली होतीस कधी?”

“मला नाहीये साखर. माझ्या भावाला आहे. मी निरोगी गटातली.”

“ते माहितीये गं. तपासली होतीस का, ते विचारतेय.”

“नाही.”

“बरं. आज रक्त दिलंयस, त्याचा रिपोर्ट येईलच.” त्यांनी पोटावरचा जेल पुसायला कागद दिला. “किडनी जरा मोठी दिसतेय. पुढच्या रविवारी एमआरआय आहे, त्यात नीट बघू.”

“किती मोठी?”

“तेरा सेंटिमीटर.”

“आणि असायला किती हवी?”

“तुझ्या अंगयष्टीला साडेदहाच्या आसपास.”

“सन्मतीची किती आली?”

मॅडम हसल्या. “परीक्षेचे मार्क आहेत का? बारा.”

कागद चुरगळून टोपलीत टाकताना मला जे वाटलं ते भीती नव्हे. भीती नंतर आली. आधी वाटलं, एकदा तरी मी त्याच्या पुढे आहे.

सन्मती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. सातव्या वर्षी त्याला मधुमेह झाला, इन्सुलिनवाला. तेव्हापासून आमच्या सांगलीच्या घरात दोन घड्याळं होती, एक भिंतीवरचं आणि दुसरं त्याच्या रक्तातलं. जेवायची वेळ दुसऱ्यावर ठरायची. सहलीला जायचं की नाही, पाहुण्यांकडे किती वेळ बसायचं, दिवाळीला किती करंज्या करायच्या, सगळं त्याच्यावर. आई त्याचा भात स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वाढायची. माझ्या ताटात उरलेला यायचा. अण्णा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. ते दिवसभर रसातली साखर मोजायचे, स्वतःच्या साखरेची गोळी विसरायचे आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधी विचारायचे, “साहेबांची किती?”

माझी कधी कुणी विचारली नव्हती. विचारायचं कारणच नव्हतं.

मिरजेच्या त्या हॉस्पिटलातला अभ्यास मधुमेह असलेल्या मुलांवर होता. अशा मुलांच्या किडनीला धोका असतो, पण लघवीच्या तपासणीत तो दिसेपर्यंत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी किडनी जास्त काम करू लागते आणि आकाराने वाढते, आतल्या भागाला ऑक्सिजन कमी पडू लागतो. हे बदल कुठलंही इंजेक्शन न देता, नुसत्या चित्रांवरून ओळखता येतील का, हे मॅडमना बघायचं होतं. तुलनेला निरोगी मुलं हवीत, आणि तीही शक्यतो सख्खी भावंडं, म्हणजे घर एक, जेवण एक, आईबाप एक. मी नुकतीच फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले होते. मला ही कल्पना नेटकी वाटली. माझा उपयोग सन्मती किती बिघडलाय हे मोजायची पट्टी म्हणून होता, तेवढं सोडलं तर.

तो बाहेर बाकावर बसून बिस्किट खात होता.

“झालं? काय म्हणाल्या?”

“माझी तुझ्यापेक्षा मोठी आहे.”

“काय मोठी?”

“किडनी.”

त्याचं बिस्किट तोंडाशीच थांबलं. मला वाटलं होतं तो चिडवेल. तो म्हणाला, “आईला सांगू नकोस.”

“का? तुझंच सगळं सांगायचं असतं का तिला?”

सिटी बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत राहिला. घरी आल्या आल्या मी आईला सांगितलं.

आई भाकरी थापत होती. तिने परातीत हात तसेच ठेवले. “मोठी म्हणजे? बिघडलीय?”

“बिघडली असं नाही म्हणाल्या. साखर असली की आधी मोठी होते.”

“तुला कुठली साखर?” तिने पिठाचे हात धुतले, फ्रिजवरून सन्मतीचा मीटर काढला, माझं बोट धरलं आणि टोचलं. इतक्या सफाईने की दुखलंसुद्धा नाही. नऊ वर्षं हे त्याच्या बोटाला मिळत होतं.

“ब्याण्णव,” ती म्हणाली. “ब्याण्णव चांगली आहे.” तरी तिने दुसरं बोट टोचलं.

“आता माझा मीटर पण तिलाच देऊन टाक,” सन्मती म्हणाला.

“गप रे. मीटरच्या पट्ट्या आणू उद्या.”

“कारखान्यातून पोतंभर साखर आणा अण्णा,” तो अण्णांना म्हणाला. “दोघांना पुरवायचीय.”

अण्णा हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि आमच्याजवळ येऊन उभे राहिले. मी, आई, मीटर आणि अण्णा. सन्मती कडेला. खोलीतली ही मांडणी मी अजून विसरलेले नाही.

तो आठवडा चांगला गेला. माझा भात तोलला गेला नाही, पण तो आधी वाढला गेला. सकाळी उठले की उशाशी तांब्या. “पाणी पी. आधी पाणी पी.” दुपारी झोपले तर दाराशी येऊन बघून जाणं. रिपोर्ट यायचा होता, आणि मी देवासमोर उभी राहिले की माझ्याकडून जी प्रार्थना व्हायची ती साखर नसू दे अशी नव्हती. थोडी असू दे, अशी होती. इन्सुलिन लागणार नाही इतकी. विचारली जाईल इतकी.

तसं आईने मला आधीही जपलं होतं, आणि ते माझ्याकडचं एक गुपित धन होतं. कॉलेजातल्या रक्तदान शिबिरात माझ्या सगळ्या मैत्रिणींनी रक्त दिलं, मला तिने दिवसभर घरात ठेवलं. पाळीत पोट दुखायचं तेव्हा गोळी नाही, गरम पाण्याची पिशवी. दशलक्षण पर्वात आमच्या गल्लीतल्या माझ्या वयाच्या मुली चतुर्दशीचा निर्जळी उपास करायच्या. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, त्यांचं कौतुक व्हायचं, नारळ मिळायचा. मला आई करू द्यायची नाही. “पाण्याशिवाय राहायचं नाही तू. धर्म मी करते, दोघींचा.” बायका म्हणायच्या, मगदूम वहिनींना मुलीची फारच माया. मी ते वाक्य साठवून ठेवलं होतं. सन्मतीला ती सांभाळायची कारण तो आजारी होता. मला काही नसताना सांभाळायची. मग जास्त माया कुणावर?

एकच गोष्ट बोचत होती. पुण्याला एमएस्सीच्या दुसऱ्या फेरीत माझं नाव लागलं होतं. आई ऐकायला तयार नव्हती.

“इथं कॉलेज नाहीत का? तिथं मेसचं खाशील, कुणाचंही पाणी पिशील. आजारी पडलीस तर?”

“इतकी पोरं जातात, आई.”

“ती जाऊ देत. तू माझ्या नजरेसमोर राहायचंस.”

फी भरायची मुदत त्या एमआरआयच्या रविवारनंतर दोन दिवसांनी संपत होती. मी जाण्यासाठी भांडत होते, आणि तिने न सोडणं मला आवडतही होतं. दोन्ही खरं होतं.

रविवारी आई आमच्याबरोबर मिरजेला आली. आधी सन्मती आत गेला, मग मी. बोगद्यात पडल्यावर हेडफोनमधून आवाज यायचा, श्वास घ्या, सोडा, थांबा. मग यंत्राची ठकठक, जणू कुणी पत्रा ठोकतंय. मला त्यातलं पदार्थविज्ञान माहीत होतं. ऑक्सिजन सोडून दिलेलं रक्त किंचित चुंबकीय वागतं, त्याने चित्रात फरक पडतो. मी श्वास धरून हे मनात घोकत होते. यंत्र मध्येच थांबलं. हेडफोनमध्ये पुढची सूचना आली नाही. मग पुन्हा सुरू झालं, आणि ते ठरल्यापेक्षा लांबलं.

बाहेर आल्यावर मॅडमनी आम्हा तिघांना आपल्या खोलीत बसवलं. आधी त्यांनी सन्मतीचं चित्र लावलं.

“घाबरू नका. लघवी स्वच्छ आहे. पण आतल्या भागात ऑक्सिजन थोडा कमी दिसतोय. हा अजून अभ्यास आहे, यावरून मी औषध ठरवणार नाही. एवढंच सांगेन की साखर आता फार काटेकोर सांभाळायची. ही वेळ हातात आहे.”

“सुरुवात झाली म्हणजे,” आई म्हणाली.

“इशारा म्हणा.”

आईने मान हलवली. ती जशी तयारच होती. मग मॅडमनी चित्र बदललं.

“आता ऋजुता. तुझा रक्ताचा रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे. साखर नाही, काही नाही.” त्यांनी पेनच्या टोकाने पडद्यावर दाखवलं. “ही तुझी उजवी किडनी. मोठी, सुरेख, निरोगी.” पेन पलीकडे गेलं. “आणि इकडे बघ.”

मी बघितलं. आतडी होती, प्लीहा होती, स्नायू होता.

“डावी कुठंय?” मी विचारलं.

“नाहीच. जन्मापासून नाही. हजारात एखाद्याला असं असतं, कित्येकांना आयुष्यभर कळत नाही. एकटीला दोघींचं काम करायचं, म्हणून ती वाढलीय. इतकंच.”

“पण सोनोग्राफीत...”

“ते माझं चुकलं.” मॅडम सरळ बोलल्या. “अभ्यासात आम्ही फक्त उजवी मोजतो. उजवी यकृतामधून स्वच्छ दिसते, डावीवर पोटातला गॅस येतो. दिवसाला इतकी मुलं असतात. माझ्या डोक्यात साखरच होती, त्यामुळे मोठी दिसली की साखर. प्रोब उचलून डावीकडे नेला असता तर तुझा आठवडा काळजीत गेला नसता.”

तो माझा सगळ्यात बरा आठवडा होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

“तुझं नाव मात्र मला निरोगी गटातून काढावं लागेल,” त्या म्हणाल्या. “तू निरोगीच आहेस. पण तुलनेला चालणार नाहीस.”

“म्हणजे मी कुठल्याच गटात नाही.”

“नाही. शंभर वर्षं जगशील. वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवी तपासायची, बस्स.”

आई इतका वेळ पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत होती. ती म्हणाली, “मॅडम, म्हणजे हिला देता येणार नाही?”

“काय देता येणार नाही?”

“किडनी. सन्मतीला. पुढेमागे लागली तर.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “वहिनी, तो प्रश्न आज नाही. कदाचित कधीच येणार नाही.”

“पण आला तर?”

“हिची नाही. एकच आहे.”

“माझा रक्तदाब, ह्यांना स्वतःलाच साखर,” आई म्हणाली. ती आमच्यापैकी कुणाशी बोलत नव्हती. “हीच होती.”

पडद्यावर थांबलेलं माझं चित्र तसंच होतं. मला रक्तदान शिबिर आठवलं. गरम पाण्याची पिशवी. चतुर्दशीचा दिवस, मैत्रिणींचे नारळ. उशाशी ठेवलेला तांब्या. पुण्याचं पाणी. एकेक वस्तू माझ्या खणातून उचलली जात होती आणि सन्मतीच्या खणात ठेवली जात होती. भांडणही करता येईना, कारण त्या आधीपासून त्याच्याच होत्या.

आई तोंड धुवायला गेली. मी आणि सन्मती बाहेर पार्किंगजवळच्या कट्ट्यावर बसलो.

“तुला माहीत होतं,” मी म्हणाले.

“हो.”

“कधीपासून?”

“सहावीत होतो. डायलिसिसचं काहीतरी टीव्हीवर लागलं होतं, मी रडायला लागलो. तर आई म्हणाली, रडतोस कशाला, ताई आहे ना. मी म्हटलं ताई काय करणार. तर सांगितलं.”

“आणि मला?”

“तुला सांगायचं नाही म्हणाली. तू मोठी झालीस की मग विचारू म्हणाली.”

“विचारणार होती का पण?”

तो हसला. “आईला ओळखत नाहीस का?”

“मजा आहे तुझी. तुझा भात वेगळा, मीटर वेगळा, सुटे भाग पण तयार.”

मला वाटलं होतं तो नेहमीसारखा गप्प बसेल. सन्मती माझ्याशी कधी भांडायचा नाही. रिमोट मागितला की द्यायचा, खिडकीची जागा सोडायचा, मी चापट मारली तरी उलट मारायचा नाही. त्यामुळे घरात तो देवमाणूस आणि मी कजाग. त्याबद्दलही मला तो नकोसा व्हायचा.

“मजा?” तो म्हणाला. “तुला काय वाटतं, मला खिडकीची ती जागा नको असायची? तो रिमोट मी का द्यायचो तुला? तुझ्याशी भांडायची सोय होती का मला? जिच्याकडून पुढे किडनी घ्यायचीय तिला चापट कशी मारायची?”

“मग मारायची होतीस.”

“तू कॉलेजातून यायचीस, मैत्रिणींबरोबर, वाटेत पाणीपुरी खाऊन. आई तुला जपायची, आणि मला वाटायचं हिचं सगळं शाबूत आहे, वर तेही माझ्यासाठीच. म्हणजे आभार मानायचे. अजून घेतलं नाही त्याचे आभार. मला तुझा इतका राग यायचा, ताई.”

“म्हणून म्हणालास आईला सांगू नकोस?”

“मला वाटलं तुला पण साखर झाली. मग आई मरेल.” तो थांबला. “आणि खरं सांगू? तेवढा एक आठवडा आई तुझ्याभोवती होती, तर मला बघवत नव्हतं.”

“मला बघवत होतं.”

“दिसत होतं की. तोंड बघायचं होतंस आरशात.”

मी त्याला चापट मारली. त्याने लगेच उलट मारली, जोरात, दंडावर. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दंड चांगलाच दुखत होता.

घरी कुणी तो विषय काढला नाही. सोमवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. उशाशी तांब्या नव्हता, ते बघूनच गेले होते. आई काट्यावर पोहे तोलत होती.

“पुण्याची फी भरायची तारीख गेली का?” तिने विचारलं.

“उद्या आहे.”

“मग भर. अण्णांना सांगते मी.”

“आणि मेसचं पाणी?”

तिने काट्यावर अजून चिमूटभर पोहे टाकले.

“आजारी पडले तर?”

“ऋजू.”

“नाही, मी विचारतेय. परवापर्यंत मी तुझ्या नजरेसमोर हवी होते. आता जा म्हणतेस. आता अडवून काय उपयोग, असंच ना?”

आईने पोह्यांची वाटी काट्यावरून उतरवली. ती रडेल असं मला वाटलं होतं, आणि तसं व्हावं असंही वाटत होतं.

“सातव्या वर्षी ह्याला झालं तेव्हा मला झोप लागायची नाही,” ती म्हणाली. “मग तुझ्याकडे बघायचे. तू अशी आडवीतिडवी पडलेली असायचीस, घोरत. म्हणायचे, हिला काही नाही. ही आहे. मग झोप लागायची. त्यात वाईट होतं का काय होतं, ते मी ठरवलं नाही. मला झोप हवी होती.”

“आणि आता?”

“आता नाही लागत.” तिने पोहे फोडणीत टाकले. “तू जा. इथं राहिलीस तर मी तुझ्याकडे बघत राहीन, आणि तुला कळेल मी काय बघतेय. ते नको.”

मी गेले. रागातच गेले. स्टँडवर तिने डबा दिला आणि मी तो घेतला, इतकंच आमच्यात झालं. बस सुटताना ती सन्मतीच्या दप्तरात काहीतरी शोधत होती.

पुण्याला पहिले काही आठवडे मी फोन टाळायचे. घेतला तर अण्णांशी बोलायचे. आई आली की ती सन्मतीचं सांगायची, सकाळची किती, जेवणानंतरची किती, नवीन डॉक्टर काय म्हणाले. मी हूं हूं करायचे आणि अभ्यास आहे म्हणून ठेवायचे. माझ्या खोलीतल्या मुलीची आई तिच्याशी तासभर बोलायची. काय बोलतात इतकं, मला प्रश्न पडायचा. तिला तर काहीच आजार नव्हता.

एकदा संध्याकाळी आईचा फोन आला. तिने सन्मतीचे आकडे सांगितले. ते चांगले होते. मग नेहमीप्रमाणे आमच्यातलं बोलणं संपलं. मी ठेवते म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, “आणि तू?”

“मी काय?”

“काही नाही. कशी आहेस?”

आजवर तिने मला पाणी पी म्हटलं होतं, गोळी घेऊ नकोस म्हटलं होतं, जाऊ नकोस म्हटलं होतं. हे विचारलं नव्हतं. सन्मतीलाही नाही. त्याला ती आकडा विचारायची. ह्या प्रश्नामागे काय आहे ते मी शोधू लागले. मला काही सापडेना. माझ्याकडून घेण्यासारखं आता तिला काही उरलं नव्हतं.

“बरी आहे,” मी म्हणाले.

“हं.” ती थांबली. फोन ठेवत नव्हती. “मग बोल की काहीतरी.”

सुचलं ते मेसच्या आमटीचं. त्यात डाळ कशी शोधावी लागते, मावशी आमटी वाढायला येतात तेव्हा पोरी ताटावर हात कसे धरतात, आणि एका मुलीने एकदा आमटीत चमचा फिरवून डाळीचे दाणे खरंच कसे मोजून दाखवले. आई हसली. तिने विचारलं, “मग मोजले किती?”

तेवढ्यात पलीकडून सन्मतीचा आवाज आला. “आई, मी जेवायला बसू? इंजेक्शन किती घेऊ?”

“थांब जरा,” आई म्हणाली.

मी बोलायची थांबले.

“तुला नाही गं. त्याला म्हटलं,” आई म्हणाली. “तू सांग.”